डी-ए-डीचा ‘नो फ्युएल लेफ्ट फॉर द पिल्ग्रिम्स’ डेन्मार्कबाहेर का चालला, आणि दोन तारांच्या बासवर खरंच भागतं का?

प्रश्न नाशिकहून आलाय. कॉलेजच्या बँडमध्ये बास वाजवणाऱ्या एकाला डेन्मार्कच्या डी-ए-डी या बँडचा 1989चा अल्बम सापडला, आवडला, आणि आता तीन शंका डोक्यात घोळतायत. आधीचे दोन अल्बम होतेच की, मग बाहेरच्या जगात हाच का पोहोचला? त्यांचा बासिस्ट दोनच तारांचा बास वाजवतो, ते खरं वाजवणं की स्टेजवरची नौटंकी? आणि अमेरिकेचं दार एवढं उघडलं होतं, तर बँड तिथे मोठा का नाही झाला?

मी बास वाजवतो. पोटासाठी दुसऱ्यांचे बँड रेकॉर्ड करतो आणि गिटारी, बास सेट करून देतो. त्यामुळे माझं उत्तर बहुतेक कानाच्या आणि हाताच्या बाजूने येईल. धंद्याचा भाग जेवढा लागतो तेवढाच सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. बँड कोपनहेगनचा, सुरुवात 1982ची. तेव्हाचं नाव ‘डिस्नीलँड आफ्टर डार्क’, म्हणजे फाटक बंद झाल्यावरचं, दिवे मालवल्यावरचं डिस्नीलँड. जेस्पर बिन्झर गायक आणि गिटार, त्याचा भाऊ जेकब लीड गिटार, स्टिग पेडरसन बास, आणि ड्रम्सवर पीटर लुंडहोल्म येन्सन. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ही मंडळी जे वाजवत होती त्याला काउपंक म्हणायचे. पंकची घाई आणि मोजके कॉर्ड, वर अमेरिकन कंट्रीचा मुलामा. अमेरिकेतही हा प्रकार जोरात होता. नॅशव्हिलचा जेसन अँड द स्कॉर्चर्स त्यातलं मोठं नाव. पण तिथली पोरं आपल्याच आजोबांचं संगीत उलटंपालटं करत होती. कोपनहेगनच्या पोरांचा काउबॉयशी संबंध पडद्यावरचा. त्यांचा पहिला अल्बम 1986चा, ‘कॉल ऑफ द वाइल्ड’. त्यातल्या एका गाण्याचं नाव ‘मार्लबोरो मॅन’. सिगारेटच्या जाहिरातीतल्या घोडेस्वारावर गाणं, आणि गातंय कोण, तर सायकलींच्या शहरातली पोरं. गंमत सगळी तिथेच होती.

ही गंमत डेन्मार्कमध्ये चालली, कारण सांगणारा कोण हे ऐकणाऱ्याला माहीत होतं. पेडरसनचे चित्रविचित्र पोशाख, गाईच्या कवटीचं चिन्ह, डॅनिश तोंडातून येणारी गुराख्याची भाषा हे सगळं समोर दिसत असताना कुणीही हसेल. तीच कॅसेट टेक्सासमध्ये कुणी लावली, तर त्याला त्यात आपल्याकडच्या बँडसारखं, जरा कच्चं काहीतरी ऐकू येणार. 1987च्या ‘डिस्नीलँड आफ्टर डार्क ड्रॉज अ सर्कल’मध्ये आवाज जड व्हायला लागला होता, पण गाडी अजून दोन रुळांवर होती. थोडं कंट्री, थोडं हार्ड रॉक, आणि गाण्यागाण्यागणिक प्रमाण बदलतं.

मार्च 1989मध्ये मेडली या डॅनिश कंपनीने ‘नो फ्युएल लेफ्ट फॉर द पिल्ग्रिम्स’ काढला. निर्माता निक फॉस. गाणी बारा. कंट्रीचा वेश इथे जवळजवळ उतरलाय, मात्र कंट्रीचा आणि वेस्टर्न सिनेमाचा गिटारचा सूर त्यांनी ठेवला आणि तो हार्ड रॉकच्या रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या चालीत, मुरवला. माझ्या मते तुमच्या पहिल्या शंकेचं निम्मं उत्तर यातच आहे. टोपी गेली, सूर राहिला. सूर कळायला सांगणारा कोण हे माहीत असावं लागत नाही.

पहिलंच गाणं घ्या, ‘स्लीपिंग माय डे अवे’. सुरुवातीला गिटार एकटी येते, आणि तिला भरपूर मोकळी जागा दिलीय. कॉर्ड नाही, एकेक सूर, ट्वँग, म्हणजे टणत्कार, असलेला, वाळवंटात घुमावा तसा. आपल्याकडे सत्तरच्या दशकातल्या हिंदी डाकूपटांत घोडे टेकडीवरून उतरताना ज्या जातीची गिटार वाजायची, तीच ही जात. तिचं मूळ इटलीत. सर्जिओ लिओनेसारखे इटालियन दिग्दर्शक स्पेनच्या अल्मेरियात अमेरिका उभी करायचे आणि एन्नियो मोरिकोने त्याला संगीत द्यायचा. म्हणजे अमेरिकेची इटालियन नक्कल, आणि तिच्यावर पोसलेले डॅनिश वादक. इतक्या हातांतून गेलेला सूर शेवटी अमेरिकेच्या रॉक रेडिओवर वाजला, ही मला या अल्बमची सगळ्यात मजेची गोष्ट वाटते.

हा ट्वँग काढायचा कसा, हे तुमच्या गिटारिस्टला सांगून ठेवा. बँडमध्ये कधी ना कधी लागतंच. चाल जाड तारांवर वाजवायची. तेच सूर बारीक तारांवरही मिळतात, पण तिथे ते किरटे लागतात. पिकअप, म्हणजे तारेचं कंपन पकडणारा चुंबकी तुकडा, ब्रिजजवळचा (तारा जिथे खाली अडकवतात तिथला) निवडायचा आणि पिकसुद्धा ब्रिजकडे सरकवून मारायचा. डिस्टॉर्शन जेमतेम, सूर फाटायच्या काठावर राहील इतकंच. वर स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, आणि हवा असेल तर 100 ते 130 मिलिसेकंदांचा एकच प्रतिध्वनी, ज्याला स्लॅपबॅक म्हणतात. आणि मुख्य म्हणजे दोन सुरांमध्ये थांबायचं. बहुतेक पोरांना पेडलं सगळी मिळतात; थांबायचं तेवढं राहून जातं.

पुढे ड्रम्स आणि बास शिरतात आणि गाणं सरळ रॉकच्या ठेक्यावर पळायला लागतं. मला यात आवडतं ते हे की सुरुवातीची चाल नुसती कमान म्हणून येत नाही. ती गाण्याची खूण होऊन पुन्हा भेटते. हार्ड रॉकमध्ये शांत सुरुवात करून मग धाडकन सगळे एकत्र येणं हा ठरलेला डाव आहे, आणि त्या काळच्या कित्येक बँडच्या शांत सुरुवातीचा पुढच्या गाण्याशी काडीचा संबंध नसतो. इथे पहिल्या पाचसात सेकंदांत गाणं ओळखता येतं. रेडिओसाठी याहून जास्त काही लागत नाही. गाण्याचा विषयही तसाच, दिवस झोपून घालवणारा माणूस. हे कळायला ना डेन्मार्क माहीत असावा लागतो, ना टेक्सास. जेस्परचा घसा खरखरीत आहे. वरच्या पट्टीत चढला की तो आणखी खरवडतो, त्यामुळे आळशी माणसाच्या गाण्यालाही धार येते. त्या वर्षांतले बाकीचे गायक चकाकत्या, उंच आवाजात गात होते, त्यात हा वेगळा कानावर यायचा.

थट्टा संपली असं मात्र समजू नका. ती शब्दांत आणि शीर्षकांत सरकलीय. एका गाण्याचं नाव आहे ‘झेड सी एम आय’. ही अक्षरं सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन लोकांनी 1868मध्ये काढलेल्या सहकारी दुकानाची, जे पुढे मोठं डिपार्टमेंट स्टोअर झालं. कोपनहेगनच्या हार्ड रॉक बँडला गाण्याच्या नावासाठी हे सुचावं! म्हणजे अमेरिका अजून त्यांच्या डोक्यात आहेच, पण आता दुरून पाहणाऱ्याच्या नजरेने, बारकावे टिपत. ‘जिहाद’, ‘रिम ऑफ हेल’, ‘लॉर्ड्स ऑफ द अॅटलस’, ‘सायमिज ट्विन’ ही बाकीची नावं पाहिलीत, तर एकाच अल्बमच्या नकाशावर इतका प्रवास त्या काळच्या लॉस एंजेलिसच्या बँडांत दिसत नाही. त्यांचं सगळं पार्टी, मोटारी आणि मुलींवर चालायचं.

अल्बम निर्दोष आहे असं नाही. मधली दोनतीन गाणी माझ्या मते भरतीची आहेत आणि स्नेअर ड्रमवर त्या काळाचा रिव्हर्ब जरा सढळ हाताने पडलाय. पण पहिली बाजू ऐकताना कंटाळायला सवड मिळत नाही.

आता धंद्याची बाजू, थोडक्यात. अल्बम आधी डेन्मार्कमध्ये, तिथल्या श्रोत्यांसाठी निघाला. तेव्हा तिथली लोकसंख्या होती सुमारे 51 लाख, म्हणजे त्या वेळच्या मुंबईच्या साधारण निम्मी. एवढ्या बाजारात हार्ड रॉकचा धंदा किती मोठा होणार, याला मर्यादा आहे. पण देश लहान असल्याचा एक फायदाही असतो. तिथे आधीच्या चारपाच वर्षांत हे लोक इतकं वाजवून झाले होते की चौघांचं एकत्र वाजवणं पक्कं बसलं होतं. अमेरिकेच्या वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्सने अल्बम बाहेर काढायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या हातात तयार माल आला. नव्या बँडवर पैसा लावून, मग त्याला घडवायला निर्माता शोधा, हा खटाटोप नाही. 1987नंतर गन्स अँड रोझेसचं यश बघून सगळ्या कंपन्या अशाच, जरा धूळ लागलेल्या बँडच्या शोधात होत्या. त्या रांगेत हे बरोबर बसले.

आणि नेमक्या त्याच वेळी नावाचं लचांड झालं. डेन्मार्कमध्ये ‘डिस्नीलँड आफ्टर डार्क’ नावाने कुणी काय वाजवतंय याची वॉल्ट डिस्ने कंपनीला कशाला फिकीर? अमेरिकेत रेकॉर्ड येणार म्हटल्यावर मात्र कोर्टात खेचण्याची धमकी आली आणि नाव आखडून ‘डी.ए.डी.’ करावं लागलं. त्यातही गंमत बघा. अल्बम काढणारी कंपनी वॉर्नर, म्हणजे बग्ज बनीच्या घरची. कार्टूनच्या बाजारातले दोन जुने प्रतिस्पर्धी, आणि मधे सापडले डेन्मार्कचे चार वादक. पुढे वर्षानुवर्षं ते त्या तीन अक्षरांच्या मधली चिन्हं बदलत राहिले. कधी टिंबं, कधी विसर्गासारखी दोन टिंबं, आता आडव्या रेघा. 2011च्या अल्बमला तर त्यांनी ‘डिक.नी.लॅन.डाफ्ट.एर्ड.आर्क’ असं नाव दिलं. एका दमात म्हणून बघा, जुनंच नाव ऐकू येतं.

‘स्लीपिंग माय डे अवे’ बिलबोर्डच्या रॉक रेडिओच्या यादीत पहिल्या 25मध्ये गेलं. तिचं तेव्हाचं नाव अल्बम रॉक ट्रॅक्स, आणि ती रेडिओ स्टेशनांवर काय वाजतंय यावरून ठरायची. व्हिडिओ एमटीव्हीच्या हेडबँगर्स बॉलमध्ये लागायचा. अल्बमही बिलबोर्डच्या 200 अल्बमच्या मुख्य यादीत आला, पण पहिल्या 100मध्ये शिरला नाही. ही तफावत लक्षात ठेवा, तिसऱ्या शंकेकडे येताना लागेल.

आता बास. तुमचा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं, त्यामुळे इथे जरा बसून बोलू.

स्टिग पेडरसनचे बास दिसायला भन्नाट असतात. रॉकेटच्या आकाराचा, पारदर्शक, काय वाटेल ते. आणि तारा दोन. नौटंकी आहेच, तो ती लपवतही नाही. पण नौटंकीच्या आत गणित बरोबर बसतं की नाही, हे तपासून बघता येतं. माझ्याकडे वीस फ्रेटचा (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) एक साधा बास आहे. त्याच्या वरच्या दोन बारीक तारा काढून, जाड ई आणि ए एवढ्या दोनच ठेवून मी बराच काळ वाजवलंय. त्यातून जे हाताला कळलं ते सांगतो.

चार तारांच्या बासवर, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, वीस फ्रेट धरले तर सगळ्यात खालच्या ई पासून वरपर्यंत वेगवेगळे सूर मिळतात 36. ई आणि ए या दोनच तारा ठेवल्या तर मिळतात 26. म्हणजे निम्म्या तारा काढून सूर गेले फक्त दहा, आणि तेही सगळे वरचे. खालचा खर्ज जसाच्या तसा. ई तार मोकळी सोडली की 41 हर्ट्झ, ए तार 55 हर्ट्झ, आणि ए च्या विसाव्या फ्रेटवर तुम्ही 175 हर्ट्झच्या आसपास पोहोचता. हार्ड रॉकमध्ये बास त्याच्या वर किती वेळा जातो? तुम्ही गेल्या महिन्यात बसवलेली गाणी आठवा आणि बोटांवर मोजा.

बोटांच्या बाजूने तर हे आणखी सोयीचं पडतं. ई तारेवर कुठलाही सूर षड्ज धरा. त्याच फ्रेटला शेजारच्या ए तारेवर मध्यम आहे. दोन फ्रेट पुढे पंचम. ई तारेवर तीन फ्रेट पुढे कोमल गंधार, आणि ए तारेवर पाच फ्रेट पुढे कोमल निषाद. झालं, मायनर पेंटॅटॉनिकचे पाचही सूर, दोन तारांत, पाच फ्रेटांच्या आत. ब्लूज आणि हार्ड रॉकच्या रिफपैकी बहुतेक याच पाच सुरांत हिंडतात. गिटारिस्टचा पॉवर कॉर्डसुद्धा षड्ज-पंचमच. दोघांचे हात एकाच नकाशावर फिरतात, त्यामुळे रिहर्सलमध्ये ‘तू कुठे आहेस’ हे विचारावं लागत नाही.

अडतं ते वरच्या षड्जाशी. चार तारांवर तो हाताखाली असतो, एक तार सोडून दोन फ्रेट पुढे. इथे त्याच्यासाठी ए तारेवर सात फ्रेट पुढे जावं लागतं, म्हणजे हात उचलून सरकवायचा. डिस्कोच्या जमान्यातल्या खालचा-वरचा सा असं टकाटक उड्या मारणाऱ्या चाली या बासवर विसरा. मोटाऊन या अमेरिकन सोल कंपनीच्या गाण्यांसारखं तारांतारांतून वळणं घेत जाणारं वाजवायचं असेल तरी हा बास उपयोगाचा नाही. दोन तारांवर हात लांबीने फिरतो. चाली त्यामुळे सरळ होतात, आणि झेप घेतलीच तर ती ऐकणाऱ्याला कळते. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी फिल, म्हणजे मधल्या भराव्याच्या छोट्या जागा, कमी घेतोय. घ्यायची सोयच नाही म्हटल्यावर माणूस ठेका धरतो.

मग सफाईचा मुद्दा. चार तारांच्या बासवर खालची तार छेडली की वरच्या रिकाम्या तारा सहकंपनाने आपोआप गुणगुणतात. तानपुऱ्यात आपल्याला हेच हवं असतं, इथे नको असतं. डिस्टॉर्शन लावलं की ती गुणगुण फुगून चिखल होतो. म्हणून बासिस्टचं निम्मं कसब तारा वाजवण्यात आणि निम्मं न वाजवायच्या तारा दाबून ठेवण्यात जातं. स्टुडिओत माझ्याकडे येणाऱ्या नव्या पोरांच्या ट्रॅकमध्ये सगळ्यात जास्त साफसफाई मी याचीच करतो. तारा दोनच असल्या तर हा व्याप निम्म्यावर येतो. उड्या मारत, धावत वाजवणाऱ्या माणसाला तर हे वरदानच. बास गुडघ्यापर्यंत खाली लोंबतोय, एक पाय ड्रमच्या चबुतऱ्यावर, अशा वेळी उजव्या हाताच्या अंगठ्याने नीट म्यूट करणं कुणालाही अवघड जातं.

तुमच्याकडे प्रिसिजन या मॉडेलसारखा, दोन तुकड्यांच्या पिकअपचा बास असेल तर आणखी एक बारीकशी गोष्ट. त्यात ई आणि ए तारा एका तुकड्यावर येतात, डी आणि जी दुसऱ्यावर. वरच्या दोन तारा काढल्यावर दुसरा तुकडा सूर काहीच पकडत नाही, पण तो निरुपयोगी होत नाही. दोन्ही कॉइल उलट्या गुंडाळलेल्या असल्याने घरातल्या विजेची घरघर एकमेकींत विरते, आणि ते काम तो करतच राहतो. म्हणून ‘वापरात नाही’ म्हणून त्याची वायर तोडू नका. एकाने माझ्याकडे असा वायर तोडलेला बास आणला होता. घरघर का येतेय म्हणून ट्यूबलाइट बदलून झाली होती.

तेव्हा नौटंकी की खरं वाजवणं, याला माझं उत्तर असं: या बँडच्या गाण्यांसाठी ते पुरेसं वाद्य आहे. दोन गिटारी असलेल्या बँडमध्ये मधली सगळी जागा आधीच भरलेली असते. त्यातून जेकबची ट्वँगवाली चाल जाड तारांवर, म्हणजे खालच्या पट्टीत. तिथेच बासने नक्षीकाम सुरू केलं तर दोघंही ऐकू येणार नाहीत. किक ड्रमला धरून एका ठोक्याला दोन सूर अशी सरळ चाल ठेवली की गिटार उठून दिसते. मिक्स करताना मी अशा बासला 60 ते 100 हर्ट्झच्या पट्ट्यात किकशेजारी जागा देतो, आणि 800 हर्ट्झच्या वर पिकचा टकटकाट थोडा उचलतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर बास ‘ऐकू’ येतो तो या टकटकाटामुळे. 41 हर्ट्झ त्या स्पीकरला झेपतच नाहीत.

आता तिसरी शंका. गाणं रेडिओवर चाललं आणि अल्बम त्या मानाने मागे राहिला, हे मघाशी आलंच. असं झालं की ऐकणाऱ्याला गाणं माहीत होतं, बँड नाही. इथे नावाचा घोळ नक्की नडला असणार. ज्या बँडची अर्धी ओळख त्याच्या नावातल्या थट्टेत होती, तो नेमका ओळख व्हायच्या वेळी तीन अक्षरांवर आला, आणि इंग्रजीत ती अक्षरं सलग वाचली तर निघतं ‘डॅड’. पुढचा अल्बम ‘रिस्किन’ इट ऑल’ 1991मध्ये आला, पुन्हा वॉर्नरकडूनच. ‘बॅड क्रेझिनेस’ त्यातलंच. वाजवण्याच्या दृष्टीने मला तो आधीच्याहून घट्ट वाटतो. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निर्वाणा या अमेरिकन बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि अमेरिकेच्या रॉक रेडिओची आवडच पालटली. केस वाढवलेल्या, स्टेजवर थाटमाट करणाऱ्या बँडना एका फटक्यात जुनाट ठरवलं गेलं. डी-ए-डीची थट्टा त्याच थाटमाटावर होती, पण लांबून पाहणाऱ्याला थट्टा करणारा आणि ज्याची थट्टा होतेय तो, दोघं सारखेच दिसतात. 1995मध्ये ‘हेल्पयुवरसेल्फिश’मध्ये त्यांनी आवाज आणखी जड केला. तोवर अमेरिकेची गाडी निघून गेली होती.

घरी मात्र ते कधीच लहान झाले नाहीत. 1999मध्ये ड्रम्सवर लाउस्ट सोने आला आणि बाकीचे तिघे तेच आहेत. 2024मध्येही त्यांचा नवा अल्बम निघाला. चाळीसहून जास्त वर्षं एका बँडचे तीन माणूस एकत्र राहिले, हे बँड चालवलेल्या माणसाला विचारा किती अवघड असतं. माझा तर ड्रमर पुण्याहून पिंपरीला राहायला गेला तेव्हाच बँड मोडला.

डेन्मार्कचाच वॉल्बीट हा बँड शेजारी ठेवला तर फरक स्पष्ट दिसतो. त्यांचा ‘बियाँड हेल / अबव्ह हेवन’ 2010चा. त्यातलं ‘हेवन नॉर हेल’ अमेरिकेच्या रॉक रेडिओवर पहिल्या क्रमांकावर गेलं ते 2012मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. त्याच वर्षी त्यांचं 2008च्या अल्बममधलं ‘स्टिल काउंटिंग’सुद्धा पहिलं आलं. मधल्या काळात हे लोक अमेरिकेत फिरून फिरून वाजवत होते. त्याआधी 2009मध्ये मेटालिकाच्या दौऱ्यातही त्यांच्या आधी वाजवलं होतं. मग 2013चा अल्बम अमेरिकेच्या अल्बमच्या यादीत थेट नवव्या क्रमांकावर उतरला. तिथे गाण्यापाठोपाठ बँडही लोकांच्या ओळखीचा होत गेला. डी-ए-डीला एवढा वेळ मिळाला नाही, कारण 1989 आणि 1991 यांच्यामध्ये संगीताचा बाजारच बदलला. वॉल्बीट, म्हणजे मायकेल पोल्सनचा बँड, मला डी-ए-डीहून सरस वाटतो असं नाही. एल्विस आणि थ्रॅश मेटल यांची सांगड त्यांनी छान घातलीय, पण थट्टेच्या बाबतीत ते कोपनहेगनच्या जुन्या मंडळींच्या जवळपासही येत नाहीत.

तुम्हाला दोन तारांचा प्रयोग करायचाच असेल, तर शेवटी सेटअपचं सांगून ठेवतो. चार तारांचा मिळून मानेवर साधारण 70 ते 80 किलोचा ताण असतो. दोन काढल्या की तो जवळपास निम्मा होतो, आणि मान मागे झुकायला लागते. एकदोन दिवसांत तारा फ्रेटवर खडखडायला लागतील. तेव्हा ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली लोखंडी सळई, थोडा सैल करायचा, एका वेळी पाव आट्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी लाकडाला बसायला रात्रभर वेळ द्यायचा. रॉड फिरताना अडला तर जोर लावू नका, सेट करणाऱ्याकडे न्या. प्रयोग आठवड्यापुरताच असेल तर रॉडला हातच लावू नका. ब्रिजवरून तारा किंचित उचला आणि खडखड सहन करा. काढलेल्या डी आणि जी तारा गुंडाळून ठेवा. आणि पहिलं गाणं वाजवायला घ्याल तर ‘स्लीपिंग माय डे अवे’ नको, त्यात सगळं लक्ष गिटारकडे जातं. ‘जिहाद’ घ्या. ते वेगवान आहे, आणि उजवा हात किती टिकतो ते पहिल्या मिनिटात कळेल.